निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या गाडीची बदली

प्रति,
वाहन नोंदणीचे नियम करणारे सर्व अधिकारी,
आणि त्या नियमांनी गाड्या तपासणारे सर्व मोटार वाहन निरीक्षक यांस

विषय : दुसऱ्या राज्यातून आणलेल्या १९७९ सालच्या प्रीमियर पद्मिनीच्या पासिंगबाबत

स.न.वि.वि.

हे पत्र आधी अर्ज म्हणून लिहायला घेतलं होतं. पण अर्जात 'कारण' या शब्दापुढे एकच ओळ असते आणि माझं कारण तिच्यात मावेना. म्हणून हे खुलं पत्र.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. ३४ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. 'सही जुळत नाही', 'सिस्टिम डाउन आहे, उद्या या' ही वाक्यं मी स्वतः इतक्या वेळा म्हटली आहेत की समोरच्या खिडकीतून तीच ऐकायला मिळाली तेव्हा राग येण्याआधी हसूच आलं. सांगायचं एवढंच, की कारकुनाला शिव्या घालायला मी पत्र लिहीत नाही. कार्यालय कुठलं तेही लिहिणार नाही. तिथली माणसं सभ्य होती. त्यांच्या हातात जो कागद दिला होता तो चुकीच्या गाडीचा होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

गाडी आप्पांची. सीमाभागातल्या आमच्या गावात १९७९ साली नोंदवलेली. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आप्पा थांबले आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी एकदाची दारात आली. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग बाकासारखी सीट, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. आप्पा गेल्यावर फॉर्म ३१ भरून ती माझ्या नावावर झाली. आता मुलीजवळ राहायला म्हणून मी कर्नाटकाची सीमा ओलांडून महाराष्ट्रात आले आणि गाडीही आली. (सीमाप्रश्नावर हे पत्र नाही. तो विषय मोठा आहे, माझी गाडी लहान आहे.)

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ४७. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल, तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यायचा. त्याआधी कलम ४८ प्रमाणे मूळ कार्यालयाची एनओसी. तीस दिवसांत त्यांनी नकार कळवला नाही तर ती दिली असं मानायचं, असंही त्याच कलमात आहे, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. मला तशी वेळ आली नाही, फॉर्म २८ वर एनओसी मुदतीत मिळाली. मग नव्या राज्यात फॉर्म २७, नव्या राज्याचा कर, विमा, पीयूसी आणि गाडी समोर नेऊन तपासणी. कागदावर सगळं सरळ आहे. इथवर माझी काहीच तक्रार नाही.

आता पेच सांगते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून जास्त वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी ही व्हिंटेज. तिची नोंदणी दहा वर्षांसाठी, शुल्क वीस हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार. आधीपासून नोंदलेली असेल तर जुना नंबर तसाच राहतो, नव्याने नोंदवायची असेल तर 'व्हीए' अक्षरांची खास मालिका मिळते. रोजच्या कामाला किंवा धंद्याला ती वापरायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांसाठी मात्र रस्त्यावर आणता येते. चांगला नियम आहे. मी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं.

माझी गाडी पन्नास पूर्ण करायला तीन वर्षं कमी आहेत.

खिडकीवरचा तरुण मुलगा म्हणाला, "मॅडम, तीन वर्षं थांबा ना, मग व्हिंटेजमध्येच करून टाकू." सल्ला प्रेमाचा होता. पण कायदा मला बारा महिने देतो आणि गाडीचं वय मला तीन वर्षं थांबायला सांगतं. सरकारी नोकरीत ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना हे लगेच कळेल: निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना दूरची बदली आली की माणसाचं जे होतं, तेच माझ्या गाडीचं झालंय. (बदलीवरून आठवलं. बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिका आहे. पण ती सरकारी नोकर आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांतल्या लोकांसाठी. निवृत्त बाई लेकीकडे गेली, तर ती बदली धरत नाहीत.)

म्हणजे कायद्याच्या नजरेत पंधरा ते पन्नास ही पस्तीस वर्षं गाडी नुसती जुनी असते. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ च्या आधी सहाशे रुपये होतं, ते पाच हजार झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी दहा हजार. पैशाची तक्रार करत नाही. जुनी गाडी पाळणाऱ्याने पैशाचं रडगाणं गाऊ नये, तो स्वतःहून विहिरीत उतरलेला असतो. पण या शुल्कामागचा हेतू उघड आहे: लोकांनी जुन्या गाड्या मोडीत काढाव्यात. स्क्रॅप धोरणाचा तोच उद्देश आहे आणि बहुतेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत तो बरोबरही आहे. तीस वर्षांची, पत्रा कुजलेली, धूर ओकणारी गाडी रोज शाळेच्या मुलांना भरून नेत असेल तर ती मोडीतच जायला हवी. माझा प्रश्न असा आहे, की ती गाडी आणि माझी गाडी यांतला फरक तुमच्या तपासणीत कुठे दिसतो?

दिसत नाही. तेच सांगायला आता पासिंगच्या दिवसाकडे येते.

सकाळी नऊला गाडी लावली. निरीक्षक साहेब तिशीतले असतील, बोलायला मृदू. दार उघडून आत बसले, डावा हात खाली नेला आणि गिअरचा दांडा शोधू लागले. मी काही बोलले नाही. अर्ध्या मिनिटाने त्यांना तो स्टिअरिंगपाशी सापडला आणि आम्ही दोघंही हसलो. इथपर्यंत छान. मग त्यांनी हातातला कागद काढला.

सीटबेल्ट नाहीत. बरोबर, नाहीत. पुढच्या सीटला बेल्ट बसवण्याची सक्ती आपल्याकडे कारखानदारांवर आली ती १९९० च्या दशकात. १९७९ च्या गाडीत बेल्ट अडकवायला जागाच नाही. पत्र्याला भोक पाडून बोल्ट आवळला तर धडकेत तो बोल्ट पत्र्यासकट उपटून येईल. मागून जाड प्लेट वेल्ड करून बसवावा लागतो, आणि तसा बसवायची माझी तयारी आहे. पण मग शेजारच्या टेबलावरून शंका आली, "तो फेरफार होईल ना, कलम ५२?" त्या कलमाचं स्पष्टीकरण मी वाचलंय. गाडीच्या रचनेत असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं, त्याला फेरफार म्हटलंय. बेल्टने पद्मिनीचं कुठलं मूळ वैशिष्ट्य बदलतं? आणि हाच बेल्ट तीन वर्षांनी व्हिंटेजच्या अर्जात 'मूळ रूप राहिलं नाही' म्हणून आडवा आला तर? आज नाही म्हणून नापास, उद्या आहे म्हणून नापास. दोन्ही कागद एकाच खात्याचे.

डाव्या बाजूचा आरसा नाही. हे मान्य. आरसा मी दुसऱ्याच दिवशी बसवला. खरं तर कधीच बसवायला हवा होता.

मग चॅसी नंबर. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या राज्यातून आणलेली जुनी गाडी बहुधा इथेच अडकते आणि याविषयी कुणी नीट बोलत नाही.

हल्लीच्या गाडीचा चॅसी नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो. अमेरिकेने ही पद्धत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची केली आणि पुढे जगभर रुळली. या सतरांमध्ये इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. पण त्याआधीच्या गाड्यांना ही सोय नव्हती. कारखान्यात पंचाने ठोकलेले नंबर, सतराहून कितीतरी आखूड, अक्षर आणि आकडा शेजारी शेजारी. १९७९ च्या कारकुनाने ते शाईने आरसी बुकात उतरवले. पुढे जुन्या वह्यांमधल्या नोंदी संगणकात चढवल्या गेल्या, ज्याला तुमच्याकडे बॅकलॉग म्हणतात. त्या चढवताना कुणाच्या तरी डोळ्यांना माझ्या गाडीचं शून्य ओ दिसलं. म्हणून एनओसीवर ओ छापला गेला. पत्र्यावर शून्य आहे. साहेब म्हणाले, "नंबर जुळत नाही."

नंबर न जुळणं ही साधी गोष्ट नाही, हे मला समजतं. चोरीच्या गाड्या अशाच फिरतात. म्हणूनच एनओसीच्या आधी पोलिसांकडची खातरजमा असते. बँकेत सही जुळली नाही तर मीही चेक परत केला असता. पण सही जुळली नाही की आम्ही खातेदाराला समोर बसवून पुन्हा सही घ्यायचो, जुनं नमुना-कार्ड काढायचो, मॅनेजरच्या टेबलावर दोन्ही ठेवायचो. इथे काय झालं? मला सांगितलं गेलं, की दुरुस्ती मूळ राज्यात होईल, तिथून नवी एनओसी आणा. तिथे गेले तर ते म्हणाले, एनओसी दिली की गाडी आमच्या दप्तरातून गेली, आता तिकडेच सांगा. गाडी एका राज्याच्या दप्तरातून उतरली आणि दुसऱ्याच्या दप्तरात चढली नाही. सध्या ती कायद्याने कुठेच उभी नाही. माझ्या मुलीच्या इमारतीखाली उभी आहे, ते निराळं.

आणि त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडता घडता राहिली. नंबर नीट दिसावा म्हणून मदतनीसाने पॉलिश पेपर काढला आणि बॉनेटखालच्या पत्र्यावर घासायला सुरुवात केली. मी अक्षरशः हात धरला. जुन्या गाडीचा ठोकलेला नंबर उथळ झालेला असतो. गंजाने, रंगाच्या थरांनी, आणि आधीच्या दहा तपासण्यांत दहा जणांनी घासल्याने. आणखी दोनदा पेपर फिरला की आकड्याचा कोपरा जातो आणि आठाचा तीन होतो. मग मात्र गाडी खरोखरच चोरीची दिसायला लागते. रंग काढायला थिनर आणि मऊ ब्रश पुरतो. मग टॉर्च समोरून न मारता अगदी आडवी धरायची. तिरप्या उजेडात ठोकलेल्या आकड्यांच्या कडा सावलीने उठून दिसतात, जवळजवळ पुसलेला आकडासुद्धा वाचता येतो. फोटो त्याच उजेडात काढायचा, आणि कागद ठेवून पेन्सिलीचा ठसा घ्यायचा तो शेवटी. हे मला माझ्या मेकॅनिकने शिकवलं. त्याला हे कुणी शिकवलं माहीत नाही, पण तुमच्या प्रशिक्षणात हे असायला हरकत नसावी.

तर त्या दिवसाचा निकाल: बेल्ट नाही, आरसा नाही, नंबर जुळत नाही. तीन शेरे, फेरतपासणी.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ती गोष्ट. पुढच्या आठवड्यात आरसा बसवायला गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने सवयीने मागचं डावं चाक काढलं. ड्रमच्या आत व्हील सिलिंडर, म्हणजे त्या चाकाचा ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर, गळत होता. ब्रेक ऑइल हळूहळू झिरपून लायनर ओले झाले होते. पेडल अजून धरत होतं, म्हणून मला कळलं नव्हतं. एखाद्या घाटात, उतारावर, पेडल खाली गेलं असतं. पासिंगच्या दिवशी ही गाडी निरीक्षकांनी आवारात एक फेरी चालवली होती. ब्रेक 'ठीक' असा शेरा आहे. ज्या गोष्टीने जीव गेला असता तिच्यावर टिकमार्क, आणि जी गोष्ट कारखान्यानेच दिली नव्हती तिच्यावर फुली.

यात निरीक्षकांचा दोष मी काढत नाही. त्यांना जी गाडी तपासायला शिकवली आहे तिच्यात डिस्क ब्रेक असतात आणि काही बिघडलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. माझ्या गाडीत दिवा लागत नाही. चाकामागे, टायरच्या आतल्या भिंतीवर ओला डाग दिसतो, तो वाकून बघावा लागतो. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावं लागतं, म्हणजे किंगपिन, ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती, सैल आहे का ते कळतं. मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बॉडीला जोडलेत तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघावा लागतो. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत गंज आहे. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटाने दाबून बघाव्या लागतात, कारण पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला ते मानवत नाही, नळी फुगते, चिरते, आणि खाली गरम इंजिन असतं. एवढं सगळं बघायला पाऊण तास पुरतो. माझ्या गाडीला त्या दिवशी दहा मिनिटं मिळाली. त्यातली सहा सीटबेल्टच्या चर्चेत गेली.

मला सूट नको आहे, हे ठळक समजून घ्या. जुन्या गाड्यांचे मालक भेटले की बरेचदा 'आम्हाला तपासणीतून सोडा' असा सूर असतो. ब्रिटनने मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सोडलंही. मला ते पटत नाही. माझ्या व्हील सिलिंडरने सोडलं असतं का मला? जर्मनीचा रस्ता मला बरा वाटतो. तिथे १९९७ पासून तीस वर्षांवरच्या गाडीला नंबराच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळतं. पण ते फुकट नाही. जाणकार तपासनीसाने गाडी पाहून, ती मूळ रूपात आणि चांगल्या स्थितीत राखलेली आहे असा अहवाल द्यावा लागतो. ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाची व्याख्याही तीस वर्षांचीच आहे. म्हणजे परीक्षा आहेच, फक्त ती गाडीच्या विषयाची आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला फ्रेंचचा पेपर देऊन नापास करणं आणि पेपरच न घेता पास करणं, दोन्ही सारखीच.

आणि हे तुम्हाला नवीन नाही. तुमच्याच नियमावलीत याचं उत्तम उदाहरण आहे: पीयूसी. नियम ११५ मध्ये पेट्रोलच्या चारचाकीसाठी एकच मर्यादा नाही. भारत स्टेज दोन या धुराच्या मानकाच्या आधीच्या गाडीला इंजिन नुसतं चालू असताना कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन पंधराशे पीपीएमपर्यंत चालतो. त्यानंतरच्या गाड्यांना अर्धा टक्का, किंवा त्याहून कमी. ज्याने हा तक्ता केला त्याला कळलं होतं, की १९७९ च्या कार्बोरेटरला २०२० च्या संगणकाशी स्पर्धा करायला लावण्यात अर्थ नाही, पण त्या कार्बोरेटरला स्वतःच्या तरुणपणाएवढं तरी स्वच्छ राहता आलं पाहिजे. जुन्या गाडीला तिच्या जन्मसालाचं माप. माझी गाडी या मापात बसते, थंडीत चोक जरा जास्त वेळ ओढला नाही तर. (पीयूसीवाल्या पोराने एकदा यंत्रात चुकीचा वर्ग निवडला आणि गाडी सपशेल नापास दाखवली. नोंदणीचं साल परत सांगितल्यावर पास झाली. गाडी तीच, धूर तोच.)

मी मागते आहे ते एवढंच. हा पीयूसीचा तक्ता जिथे थांबतो तिथून पुढे न्या. बेल्ट, आरसे, दिवे, ब्रेक, सगळ्यांना गाडीच्या सालाप्रमाणे माप लावा. कारखान्याने जे दिलं नव्हतं ते नाही म्हणून नापास करू नका. जे दिलं होतं ते चालत नसेल तर निर्दयपणे नापास करा. सुरक्षेसाठी नंतर बसवलेला बेल्ट किंवा चांगला दिवा हा ना फेरफार धरावा, ना व्हिंटेज होताना कलंक, हे एका परिपत्रकात लिहून टाका. प्रत्येक कार्यालयात असा निरीक्षक मिळणार नाही हे मला मान्य आहे. पण एका विभागात एक माणूस, महिन्यातला एक ठरलेला दिवस, आणि त्या दिवशी त्या विभागातल्या सगळ्या जुन्या गाड्या, एवढं जमण्यासारखं आहे. आम्ही लोक शंभर किलोमीटर गाडी आणू. आम्हाला निमित्तच हवं असतं.

नंबराच्या चुकीसाठी दोन्ही राज्यांनी गाडीला चेंडू करू नये. पत्र्यावरचा फोटो, मूळ आरसी बुक आणि पेन्सिल ठसा, तिन्ही ज्या कार्यालयासमोर आहेत त्यानेच दुरुस्ती करावी आणि मूळ राज्याला कळवावं. ज्याच्यासमोर गाडी उभी आहे त्याच्याहून जास्त कुणाला दिसणार आहे?

आणि तीस ते पन्नासमधल्या गाड्यांसाठी एक मधली पायरी ठेवा. वर्षाला ठरावीक किलोमीटर, भाड्याने द्यायची नाही, दर दोन वर्षांनी खरी तपासणी. यावरचा आक्षेप मी तुमच्या वतीने मांडते. कर चुकवायला लोक भंगार गाड्या 'क्लासिक' म्हणून घुसडतील. घुसडतील, काही जण नक्की घुसडतील. म्हणून तर परीक्षा कडक हवी असं म्हणते आहे. भंगार गाडी पाऊण तासाच्या खऱ्या तपासणीत टिकत नाही, दहा मिनिटांच्या तपासणीत टिकते. दुसरा आक्षेप प्रदूषणाचा. तोही खरा आहे. माझी पद्मिनी दर किलोमीटरला आजच्या गाडीच्या कितीतरी पट घाण सोडते, यावर मी वाद घालणार नाही. पण गेल्या वर्षी ती सगळी मिळून आठशे किलोमीटर चालली. मी वहीत लिहिते, बँकेची सवय. मर्यादा घाला, मी पाळीन.

शेवटची गोष्ट नंबराच्या पाटीची. ही मागणी कायद्यात बसते की नाही त्याहून जास्त मनातली आहे, म्हणून शेवटी ठेवली. माझ्या गाडीचा नंबर 'एमवाय' ने सुरू होतो. एमवाय म्हणजे म्हैसूर. त्या राज्याचं नाव १ नोव्हेंबर १९७३ लाच कर्नाटक झालं होतं, म्हणजे गाडी नोंदवली तेव्हा म्हैसूर राज्य नावाने उरलंच नव्हतं. पण जुन्या १९३९ च्या कायद्याखाली वाटून दिलेली अक्षरं १ जुलै १९८९ ला नवा कायदा लागू होईपर्यंत तशीच चालू राहिली. राज्याचं नाव गेलं, गाडीच्या पाटीवर राहिलं. रस्त्यात एखादा वयस्कर माणूस थांबतो, पाटी बघतो आणि विचारतो, "कुठल्या वर्षीची हो?" त्याला अक्षरांवरून अंदाज आलेला असतो.

कलम ४७ प्रमाणे ही पाटी आता उतरणार. नवा नंबर, नवी उच्च सुरक्षा पाटी. पन्नास पूर्ण झालेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो हे तुम्हीच २०२१ मध्ये मान्य केलंत, कारण तो नंबर गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. मग सत्तेचाळीसाव्या वर्षी काढून घेतलेला नंबर पन्नासाव्या वर्षी परत मिळेल का? खिडकीवर विचारलं तर कुणालाच सांगता आलं नाही. नवी पाटी लावायला मी नाही म्हणत नाही. कॅमेऱ्याला तीच वाचता येते आणि नियम सगळ्यांना सारखा. पण नोंदणीच्या दप्तरात 'पूर्वीचा क्रमांक' असा एक रकाना कायमचा ठेवा, आणि गाडी व्हिंटेज झाली की मालकाने मागितला तर तो परत द्या, ती मधल्या काळात कुठल्याही राज्यात असो. यात तुमचा रुपयाही खर्च होत नाही. तोपर्यंत जुनी पाटी मी घरात भिंतीला लावीन.

कळावे,
आपली,
एका पद्मिनीची मालकीण

ता.क. : फेरतपासणीची तारीख मिळाली आहे. व्हील सिलिंडर चारही बदललेत, बिलं सोबत आणते. ठशासाठी पेन्सिल मीच आणेन, मऊ शिशाची. तिथली टोकदार असते, तिने कागद फाटतो आणि शून्याचा पुन्हा ओ होतो.